एका ‘अय्या, खरंच?’चे भोग

लग्नाआधी माणसाने फार गोड वागू नये. त्याची फेड जन्मभर करावी लागते. माझी शेवटची फेड भूमध्य समुद्रात झाली, शिडाच्या बोटीवर, गुडघ्याला पट्टा बांधून.

मी वसईची. किल्ला म्हणजे आमचं मागचं अंगण. पडकी चर्चं, तुटक्या कमानी, भिंतीतून बाहेर आलेले पिंपळ, हे सगळं आम्हाला इतकं घरचं होतं की त्याच्याकडे कोणी बघत नसे. तिथे आम्ही लपाछपी खेळायचो, परीक्षेच्या दिवसांत सावली धरून पाठांतर करायचो, आणि बाहेरगावचे लोक येऊन त्याच भिंतींकडे तोंड वासून बघू लागले की पदराआड हसायचो. पदर अजून यायचा होता, पण हसणं तयार होतं.

मग गिरगावातून एक स्थळ आलं. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मोठ्या माणसांनी ठरवलं की मुलाला आणि मुलीला जरा किल्ल्यावर फिरवून आणावं, सोबत मावशी. मी टाचांच्या चपला घातल्या होत्या. किल्ल्यात. जिथे मी उभा जन्म अनवाणी हुंदडले, तिथे त्या दिवशी दर चार पावलांवर माझा पाय मुरगळत होता आणि मी दर वेळी अशी हसत होते, जणू पाय मुरगळणं हीच माझी आवड आहे.

मुलगा इंजिनियर. रात्रभर वाचून आलेला दिसत होता. तो मला माझंच अंगण समजावून सांगू लागला. इथे दारूगोळा असायचा, इथून गलबतं दिसायची. मग एका दगडी कुंडापाशी थांबून म्हणाला, हे पोर्तुगीज बायकांचं स्नानगृह असावं.

त्या कुंडात माझ्या मामाच्या म्हशी बसायच्या. मी त्यांना रोज हाकायला जात असे. आदल्याच संध्याकाळी गेले होते.

पण त्या टाचांवरच्या बयेने काय करावं? डोळे मोठे केले, हात गालावर ठेवला आणि म्हणाली, “अय्या, खरंच?”

मागून मावशीला ठसका लागला.

त्या दोन शब्दांनी माझी कुंडली लिहिली. मुलाने पक्कं धरलं की हिला जुन्या दगडांचं भारी वेड आहे. कॅनडात आलो, नव्या संसारात गादीसुद्धा जमिनीवर होती, तेव्हाही पहिल्या लॉन्ग वीकेंडला यांनी मला कुठे न्यावं? पिठाच्या जळक्या गिरणीची उरलेली भिंत दाखवायला. मला मॉलमध्ये जायचं होतं. पुढे आख्ख्या ऑन्टारियोत एक पडकी चुन्याची भट्टी सोडली नाही यांनी. ग्वेल्फला नात शिकायला गेली, तर तिला डबा पोचवून येतानाही वाटेतलं कुठलंसं पडकं धान्यकोठार. आणि तिथलं ‘पुरातन’ म्हणजे तरी काय, माझ्या आजीचं उखळ त्याहून म्हातारं असेल. पण हे कार थांबवून वळून माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि मी म्हणायची, “अय्या, खरंच?” सवयच लागून गेली, शिंकल्यावर ‘देवा’ म्हणावं तशी.

दोन हिवाळ्यांपूर्वी यांच्या नजरेच्या मधोमध धूसर डाग पडायला लागला. कडेचं दिसतं, समोरचं पुसलं जातं. ओकव्हिलच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाग वाढत जाईल, सावकाश. घरी येऊन गराजमध्ये गाडी थांबल्यावर हे म्हणाले, तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. मी म्हटलं, बरं झालं, आता वाकडं केलेलं कळायचं नाही. दोघं हसलो. गराजचा दिवा आपोआप विझला तरी बराच वेळ आम्ही आत बसून होतो.

त्यानंतर यांनी एकच ध्यास घेतला. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर एक जुनं गाव आहे, भूकंपात अर्धं समुद्रात गेलेलं. खडकात कोरलेल्या पायऱ्या सरळ पाण्यात उतरतात आणि खाली दिसत राहतात. “डोळे आहेत तोवर तुला त्या पायऱ्या दाखवायच्यात,” हे म्हणाले. मला! लेक ब्रेकफास्टच्या टेबलावर भडकली. बाबांचे डोळे, आईचे गुडघे आणि बोट? मला तर जायचंच नव्हतं. पण ‘मला दगड आवडत नाहीत’ हे सांगायची वेळ गिरगावच्या त्या मुलासमोरच टळून गेली होती. शेवटी नातीला सोबत द्यायचं ठरलं, आणि आम्ही निघालो.

बॅगेत मी सुकेळी घेतली होती. वसईचं माणूस प्रवासाला निघालं की केळीच्या पानात बांधलेली सुकेळी निघतातच. मला ती अजून गावाहून येतात. बोटीवर पहिल्याच सकाळी मी पुडकं उघडलं आणि म्हातारा कप्तान हातातला चहा ठेवून उभा राहिला. हे काय, त्याने विचारलं. वाळवलेली केळी, नातीने इंग्रजीत सांगितलं. त्याचा चेहरा पडला. कुठल्याशा इंग्रज गिऱ्हाइकाकडून तो शिकला होता की बोटीवर केळं आलं की वारा रुसतो. मी म्हटलं, वाळल्यावर ते केळं राहत नाही. नातीने भाषांतर केलं. कप्तानाला पटलं नाही, पण एक सुकेळं त्याने खाल्लं. मग दुसरं मागून घेतलं.

आणि दुपारी वारा खरंच पडला. शिडं वाळत घातलेल्या चादरींसारखी लोंबली. कप्तानाने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी किल्ल्यात ठसका आवरल्यावर मावशीने टाकली होती. मी उरलेली सुकेळी उशीखाली लपवली.

इंजिन लावलं असतं तर उन्हातच पोचलो असतो. पण यांचा हट्ट, त्या गावाला शिडानंच जायचं. नात म्हणाली, “आजोबा, सीरियसली? वी आर नॉट मूव्हिंग.” हे टोपी पुढे ओढून बसून राहिले. आता यांच्या डोळ्यांचं असं झालं होतं की लख्ख उजेड असला तरच काही दिसायचं; ऊन उतरलं की सगळं राखाडी. ते मला ठाऊक होतं, यांनाही होतं. मी उन्हाकडे बघत होते, हे वाऱ्याची वाट बघत होते. शेवटी मीच कप्तानाला खूण केली. त्याने इंजिन लावलं. यांनी टोपी वर केली नाही.

पोचलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता.

कप्तानाने बोट अगदी हळू किनाऱ्याजवळून नेली. हे कठड्याशी उभे राहिले, मान थोडी तिरकी करून, कारण कडेनं दिसतं. एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून. नातीने फोनमधून माहिती वाचायला सुरुवात केली, तिला मी हाताने थांबवलं. यांचे हात कठड्यावर घट्ट झाले होते. इतक्या लांबून, इतका हट्ट करून हे मला काहीतरी दाखवायला घेऊन आले होते आणि ते यांनाच सापडत नव्हतं.

मग यांनी विचारलं, “आहेत का गं पायऱ्या?”

मी बघितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा दगडांकडे नीट बघितलं असेल. पायऱ्या होत्या. मधोमध झिजलेल्या, आमच्या विहिरीच्या होत्या तशा. खडकातून उतरत पाण्यात शिरल्या होत्या आणि पाण्याखाली हिरव्या होऊन अजून उतरतच होत्या, कोणी घागर घेऊन येणार असल्यासारख्या. मी ते यांना सांगत गेले. कुठे दाराची चौकट आहे, तिच्यातून आता मासे ये-जा करतात. कुठे भिंतीत दिव्याचा कोनाडा आहे. हे मान हलवत होते, पण मान नुसतीच हलत होती. मन त्यात नव्हतं.

तेवढ्यात पाण्यात एक मोठी दगडी पेटी दिसली, अर्धी बुडालेली. मी म्हटलं, “आणि ते कुंड बघा. बायकांचं स्नानगृह असावं.”

“आजी, दॅट्स अ टूम,” नात म्हणाली. “थडगं आहे ते.”

“तिला बोलू दे,” हे म्हणाले. मग माझ्याकडे तोंड वळवलं, हात गालावर ठेवला, आणि टाचांच्या चपला घातलेल्या त्या बयेच्या हुबेहूब आवाजात म्हणाले, “अय्या, खरंच?”

मी गुडघ्याचा पट्टा सारखा करायला वाकले.

“पण म्हशी दिसत नाहीत,” हे म्हणाले.

मांडवातच मामाने यांना सांगितलं होतं म्हणे. म्हणाला होता, जावईबापू, स्नान करायचं तर आधी म्हशींना उठवा. म्हणजे लग्नाच्या दिवसापासून या माणसाला ठाऊक होतं. मी विचारलं, मग त्या गिरण्या, त्या भट्ट्या, ती कोठारं? मला एवढी वणवण का करायला लावली?

“तू दर वेळी इतकं मन लावून खोटं बोलायचीस,” हे म्हणाले. “ते तोंड बघायला जात होतो मी. दगड कोण बघतंय?”

आता ते तोंड दिसत नव्हतं. दोघांनाही ते कळलं, आणि नातीलाही कळलं असावं, कारण तिने फोन खिशात ठेवला. मी यांचा कठड्यावरचा हात काढून माझ्या गालावर ठेवला, आणि म्हटलं, बघा, वाकडंच आहे.

“पुढे सांग,” हे म्हणाले. “त्या स्नानगृहात कोण कोण यायचं?”

मी सांगायला लागले. एक राणी, तिच्या दोन सवती, एक चहाडखोर मावशी. कप्तानाने इंजिन बंद केलं. मधेच कधीतरी वारा आला, पण शीड चढवायला कोणी उठलं नाही. कप्तान माझ्या उशीखालचं पुडकं शोधून काढून सुकेळी खात होता.