मुरत ठेवलेला वास

भाऊ कागदाची अरुंद पट्टी बाटलीत बुडवायचे, हवेत झटकायचे आणि समोरच्याच्या नाकाखाली धरून म्हणायचे, “बोलू नका. आधी चेहरा.”

समोरचा माणूस वास घ्यायचा आणि भाऊ त्याचा चेहरा वाचायचे. दूधवाला, गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा, वर्गणी मागायला आलेली मंडळी, मी, सगळे कधी ना कधी त्यांच्या दारात असे उभे राहिलो आहोत. कुणाच्या भुवया वर गेल्या की भाऊ खूश. कुणी नाक मुरडलं की “कच्चं आहे अजून, मुरू दे” असं म्हणत ते बाटली पुन्हा कपाटात ठेवून द्यायचे. स्वतः मात्र कधी वास घेत नसत. घेऊन उपयोग नव्हता. त्यांचं नाक गेलं होतं.

बेगडेवाडी स्टेशनजवळच्या आमच्या इमारतीत त्यांचं दार माझ्या दारासमोर. मी तळेगावच्या शाळेत शिकवते, म्हणून इमारतीत मी सगळ्यांची ‘बाई’ आणि ते सगळ्यांचे ‘भाऊ’. त्यांची सारी नोकरी एका एसेन्सच्या कारखान्यात गेली. बिस्किटातला व्हॅनिला, सरबतातला वाळा, फजमधली स्ट्रॉबेरी हे सगळं कुठून येतं ते त्यांनी एकदा मला इतकं बारकाईने सांगितलं, की पुढे बरेच दिवस बाहेरचं गोड माझ्या घशाखाली उतरलं नाही.

सिगारेट त्यांना फार लागायची, आणि त्यांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, तो वास अजिबात सोसायचा नाही. शेवटी कारखान्यातल्या कुणीतरी त्यांना व्हेप आणून दिलं. पेनाएवढी नळी, आत द्रव तापतो आणि धुरासारखी वाफ निघते. तो द्रव भाऊ घरीच करू लागले. ग्लिसरीन, त्यात आणखी एक पातळ रसायन, आणि वर त्यांचे लाडके एसेन्स. सगळं हलवायचं आणि अंधारात ठेवून द्यायचं. आठवडे जातील तसा रंग चहासारखा होतो, आणि सुटे सुटे वास एकमेकांत मिसळून त्यांचा एकच वास होतो. वहिनींच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी या बाटल्यांची रांग असे. “मी कैऱ्या मुरवते, हे धूर मुरवतात,” असं वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

पुढे सरकारने त्या नळ्यांवर बंदी आणली आणि त्या दुकानांतून नाहीशा झाल्या. भाऊंची जुनी नळी तेवढी घरात राहिली. निकोटिन त्यांनी आधीच सोडलं होतं. विकणं तर दूरच, ती नळी त्यांनी कधी दुसऱ्या कुणाच्या ओठालाही लागू दिली नाही.

मग ती साथ आली. दोघं एकाच रुग्णवाहिकेतून गेले, आणि परत आले ते एकटे भाऊ. वास येत नाही, चव लागत नाही, असं त्यांनी सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांत येईल परत. तो आला नाही. दूध उतू जाऊन करपायचं आणि भाऊ शेजारच्या खोलीत शांत बसलेले असायचे. मीच धावत जाऊन गॅस बंद करायची.

एका दुपारी त्यांनी माझं दार वाजवलं. आत यायला तयार नव्हते. उंबऱ्याशीच उभं राहून म्हणाले, “बाई, माप घ्यायला ती तुमच्या अगदी जवळ उभी राहायची. तिचा वास कसा होता, आठवतोय?”

वहिनी शिवणकाम करायच्या. माझे सगळे ब्लाउज त्यांच्याच हातचे. पण प्रश्न ऐकून मी गोंधळले. भाऊ खाली बघत बोलत राहिले. फोटो आहेत, फोनमध्ये तिचा आवाज आहे, साड्या आहेत. त्या साड्यांत वास अजून असेलही, पण असला तरी मला तो कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी आठवून सांगितलं. खोबरेल तेल. शिलाई मशीनचं तेल. कोऱ्या कापडाची खळ. भाऊ मान डोलवत होते. “आणि कोथिंबीर,” ते म्हणाले. “संध्याकाळी, हाताला.”

त्या दिवसापासून ते वहिनींचा वास करायच्या मागे लागले. जीभ गेलेल्या आचाऱ्याने नुसत्या आठवणीवर आमटी करावी, तसं ते काम होतं. नोकरीभर हाताळलेले एसेन्स त्यांच्या डोक्यात होते. एखाद्या थेंबाने काय होईल ते त्यांना न हुंगताही ठाऊक होतं. पण जमलं की नाही, ते सांगायला दुसरं नाक लागायचं, आणि ते बहुतेक वेळा माझं असायचं. पहिली बाटली मिठाईच्या दुकानासारखी निघाली. दुसरी नव्या चपलांसारखी. एका बाटलीला तर हुबेहूब आमच्या मुख्याध्यापकांच्या केबिनचा वास होता. ते सांगितल्यावर साथीनंतर पहिल्यांदाच भाऊ मोठ्याने हसले.

पट्टीवर त्यांचा पुरता भरवसा नसे. पट्टीवर वास झोपतो, म्हणायचे, वाफेत तो उभा राहतो. म्हणून एखादं मिश्रण मुरत आलं की ते गॅलरीत उभे राहून नळी ओढत आणि वाफ माझ्या बाजूला सोडत. वाफ हवेत मिसळून जायची आणि मी मान हलवायची. नाही, भाऊ. ह्या नाहीत.

असंच वर्ष दीड वर्ष गेलं असेल. कपाटाच्या अगदी मागे, वहिनींच्या रिकाम्या बरण्यांमागे, एक बाटली विसरून राहिली होती. भाऊंना ती साफसफाईत सापडली. बाकीच्या बाटल्या चहाच्या रंगाच्या झालेल्या, ही मात्र होती तशीच, पाण्यासारखी. फुकट गेली म्हणून ते ती ओतून देणार होते. तरी सवयीने त्यांनी पट्टी बुडवली आणि माझ्यासमोर धरली.

गोवरीचा धूर. ओल्या घोंगडीचा वास. दूध. आणि या सगळ्यावर ओवा आणि शेपा, शेगडीवर टाकून बाळंतिणीला धुरी देतात तो. तो वास नुसता नाकात आला नाही, खोलीत आला. मी नकळत एक पाऊल मागे सरकले. का, ते मला आजही सांगता यायचं नाही.

भाऊंनी पट्टी खाली घेतली. “तुमचा चेहरा असा झालाय,” ते म्हणाले, “जसं माझ्यामागे कुणीतरी उभं आहे.”

मी त्यांच्या मागे बघतच होते. मागे भिंत होती आणि बंद शिलाई मशीन.

वास कशाचा ते मी सांगितलं. भाऊ बराच वेळ बाटली उजेडात फिरवत राहिले. यात ओवा नाही, शेपा नाही, धूर नाही, असलं काही मी घातलेलंच नाही, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. माझी समजूत घालत होते की स्वतःची, कोण जाणे.

त्यानंतर जिन्यात विचित्र प्रकार सुरू झाला. बाटलीला घट्ट बूच, बाटली कपाटात, कपाट बंद, आणि तरी दुसऱ्या मजल्यावर पाऊल ठेवलं की तो वास. तळमजल्यावरच्या आजींनी मला अडवून विचारलं, वर कुणाकडे बाळंतीण आलीय का. दूधवाल्याने न विचारताच एक पिशवी जास्तीची आणली. घरात बाळ असेल असं वाटलं, म्हणाला. आमच्या इमारतीत तेव्हा एकही तान्हं मूल नव्हतं.

वहिनींच्या पुण्यस्मरणाला त्यांची धाकटी बहीण बेडशाहून आली. लेण्यांच्या खालीच तिचं घर, थोडी भातशेती. दरवर्षी ती नवा तांदूळ घेऊन यायची. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावून वंदना झाली, जेवणं झाली, लोक पांगले. मी भांडी आवरायला थांबले होते. भाऊंनी काही न सांगता तिच्यासमोर पट्टी धरली. बहिणीच्या नाकाला बहीण ओळखू येईल, एवढीच त्यांना आशा असावी.

तिने वास घेतला आणि पट्टी सावकाश खाली ठेवली. मग वडीलधारं माणूस दारात आल्यावर घ्यावा, तसा तिने डोक्यावर पदर घेतला.

“दाजी,” ती म्हणाली, “तुमी आमच्या आईला कुटं बघितलंत?”

भाऊंनी सासूला पाहिलंच नव्हतं. वहिनींची आई त्यांच्या लहानपणीच गेली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. वहिनी त्याविषयी कधी बोलल्या नाहीत. घरात त्या माउलीचा एक फोटोसुद्धा नव्हता.

पुढचं धाकटीने सांगितलं, जमिनीकडे बघत. आई सुईण होती. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कुठेही बाळंतपण असलं की रात्र म्हणायची नाही, पाऊस म्हणायचा नाही. घरी यायची ती अशीच, ओव्या-शेपाच्या धुरीत भिजून. एका पावसाळ्यात पवना नदीपलीकडून बोलावणं आलं. बाळ सुखरूप झालं, पण परत येताना पाणी चढलं आणि आई त्यात गेली. हाताला काही लागलं नाही. फक्त ओव्याची पिशवी एका झुडपाला अडकलेली मिळाली. “आक्का तिला काठापातूर सोडाय गेलती,” धाकटी म्हणाली. “त्या दिसापासनं आक्कानं आईचं नाव काढलं न्हाई. मी ल्हान व्हते. मला तोंड आठवत न्हाई तिचं. वास तेवढा आठवतोय.”

एवढं बोलून ती उठली, पिशवी उचलली आणि चहालाही न थांबता गेली. ती घाबरली होती, हे आम्हा दोघांनाही दिसलं.

भाऊंनी त्या बाटलीला बरेच दिवस हात लावला नाही. पुढे त्यांनी तसंच मिश्रण पुन्हा करून पाहिलं, बाटलीवरच्या चिठ्ठीबरहुकूम तेच एसेन्स, तोच कपाटाचा कोपरा. मी वास घेतला. व्हॅनिला होता, आणि दुसरं काही नाही. त्यांना ते माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. वहिनींचा वास करायचं मात्र त्यांनी सोडून दिलं. मला वाटतं, त्यांना धाकटीचा थोडा मत्सरही वाटला असावा. इतकी हाक मारायची एकीला, आणि यायचं दुसरीनेच.

भात लावून झाल्यावर धाकटी पुन्हा आली. या वेळी तिने सरळ बाटली मागितली. बावीस प्रतिज्ञा पाळणारं घर आमचं, भूत-आत्मा आमच्यात मानत नाहीत, हे तिने आधीच सांगून टाकलं. मग म्हणाली, “पण वास तर हाय न्हवं?”

भाऊ म्हणाले, घेऊन जा. ती म्हणाली, नुसती बाटली घेऊन मी काय करू, मला ती नळी ओढता येत नाही, तुम्हीच चला. नाहीतरी हितं तुमचं दूध करपतंय. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी जा म्हणाले. एका बॅगेत त्यांचे कपडे मावले. बाटली त्यांनी रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवली. ते गेले त्याच दिवशी जिन्यातला वास गेला.

भाऊ वारल्याचं मला थंडीत फोनवर कळलं. झोपेतच गेले. बाटली त्याच्या बरीच आधी संपली होती, असं धाकटी म्हणाली. पण मला भाऊ आठवतात ते त्याआधीच्या भेटीतले, श्रावण सरता सरता मी बेडशाला गेले होते तेव्हाचे.

दुपार होती, तरी ढग लेण्यांच्याही खाली उतरले होते. अंगणापलीकडचं काही दिसत नव्हतं. ओट्यावर दोघं समोरासमोर बसलेली. भाऊंनी मला मानेनेच ये म्हटलं. नळी ओढून त्यांनी वाफ हलकेच धाकटीच्या तोंडासमोर सोडली. वारा नव्हता. वाफ वर गेली नाही, विरलीही नाही. दोघांच्या मध्ये तशीच राहिली. धाकटीने डोळे मिटले. गोवरीच्या धुराचा वास माझ्यापर्यंत आला. त्या घरात स्वयंपाक गॅसवर होतो.

“आली?” भाऊंनी विचारलं.

“आली.”

“काय करतेय?”

“बसलीय. शेगडीत ओवा टाकतीय.”

हे त्यांचं रोजचं असावं. माझ्या शाळेत मुलं पाढे म्हणतात तशी प्रश्नोत्तरं चालली होती. भाऊंना स्वतःला काही वास येत नव्हता. ते आंधळ्याने वर्तमानपत्र वाचून घ्यावं तसं ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “एकटीच आहे?”

या प्रश्नाला रोज काय उत्तर मिळत असे, मला माहीत नाही. त्या दिवशी धाकटी जरा पुढे झुकली. मिटल्या डोळ्यांनी तिने चाचपडत हात पुढे केला आणि भाऊंच्या गुडघ्यावर ठेवला.

“न्हाई दाजी,” ती म्हणाली. “आक्का हाय. मांडीवर झोपलीय. ल्हान हाय लय.”

भाऊंनी नळी आवाज न करता ओट्यावर ठेवली. मी बसायला म्हणून लोखंडी खुर्ची पुढे ओढत होते. त्यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

“राहू द्या, बाई,” ते अगदी हळू म्हणाले. “उठेल ती.”