मयेकर बाईंचा शोधनिबंध

आमच्या शाळेत ज्ञानेश्वरी मयेकर चित्रकला शिकवतात. पालीच्या बाजारातून थोडं आत आमची शाळा आहे. बाई मूळच्या जयगडकडच्या. त्यांची आई बंदरावर मासे विकायची आणि वडील गलबतावर खलाशी होते. मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून या गोष्टीत माझाही थोडा हात आहे.

श्रावणात सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, रानफुलं फुलतात, ती रंगवायला बाई एका रविवारी गेल्या होत्या. फुलं रंगवता रंगवता पायाखालच्या जांभ्या दगडात त्यांना कोरलेली रेघ दिसली. रेघेमागून गेल्या तर ती वळली आणि पुढे रुंद होत गेली. कातळशिल्पं आपल्या जिल्ह्याला नवीन नाहीत, पण हे शिल्प कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पुढची दोन वर्षं बाई सुट्टीच्या दिवशी तिथे जात राहिल्या. सुतळीचे चौकोन आखायच्या आणि एकेक चौकोन आलेखाच्या कागदावर उतरवायच्या. कागद जोडत गेल्या तेव्हा एक भला मोठा मासा तयार झाला. पंखांसारख्या पसरलेल्या दोन्ही कुशी, चाबकासारखी शेपटी.

"हे पाकट आहे," स्टाफरूममध्ये तो कागद पसरून बाई म्हणाल्या. "आईच्या पाटीत रोज बघितलंय मी."

माशाच्या शेपटीवर आणखी एक चौकोनी नक्षी होती. तिचे चर शेपटीच्या चरांना छेदून गेले होते. म्हणजे मासा आधीचा आणि नक्षी नंतरची. आधीच्या चित्रावर कुणीतरी पुढे कधीतरी दुसरं चित्र कोरलं होतं.

बाईंनी लेख लिहिला आणि मी त्याचं इंग्रजी केलं. लेखात मासा बारा हजार वर्षांपूर्वीचा ठरला होता आणि कोळ्यांची आदिम देवताही ठरली होती. मी शिक्षक, पुरातत्त्वातलं मला काय कळणार? जे होतं ते इंग्रजीत आणलं. बाईंनी तो एका संशोधन नियतकालिकाकडे पाठवला आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याकडेही. मला हे दुसरं पाठवणं ठाऊक नव्हतं. बाईंना त्यात गैर काही वाटलं नव्हतं. दिवाळी अंकांना त्या दरवर्षी चित्रं पाठवायच्या, तीही दोन-तीन ठिकाणी. जो घेईल तो घेईल, असा साधा हिशोब.

गणपतीच्या सुट्टीनंतर एके दिवशी बाई मधल्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसल्या आणि फोन पुढे केला. पहिल्या नियतकालिकाच्या संपादकांची मेल होती. लेख ज्या तज्ज्ञाकडे तपासायला दिला, त्याच तज्ज्ञाकडे तोच लेख दुसऱ्या नियतकालिकाकडूनही आला होता. हे नियमाविरुद्ध असल्यामुळे दोन्हीकडून लेख परत करण्यात येत होता.

"चोरी केली म्हणतायत का मला?" बाईंनी विचारलं.

"चोरी नाही हो. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा, अशी त्यांची रीत आहे."

"मग तसं आधी सांगायला नको?"

लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये ते लिहिलेलं होतं. पण सूचना बारीक अक्षरातल्या, पानंच्या पानं. संदर्भ कसे द्यायचे, चित्रं केवढी हवीत, लेखावर स्वतःचं नाव येऊ द्यायचं नाही, कारण तपासणाऱ्याला लिहिणारा कोण ते कळता कामा नये. त्या सगळ्यात ती एक ओळ बाईंच्या नजरेतून सुटली होती. त्या दिवशी आठवीच्या वर्गावर त्या गेल्या खऱ्या, पण मुलांना काहीतरी काढायला सांगून खिडकीशी उभ्या राहिल्या. पुढे दोन-तीन आठवडे लेखाचं नाव निघालं नाही. सड्यावरही गेल्या नाहीत.

मग एक दिवस म्हणाल्या, "सर, एक माफीचं पत्र करून द्या. छापा म्हणून नाही. माझी चूक झाली, एवढंच कळवायचंय."

मी करून दिलं. संपादकांचं उत्तर आलं, ते मला अजून आठवतं. त्यांनी लिहिलं होतं की असं करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. तपासणारे लोक आपली नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता लेख वाचतात. दोन्हीकडच्यांनी एकाच लेखावर महिने घालवले तर दुसऱ्या कुणाचा तरी लेख ताटकळतो, म्हणून हा नियम. शेवटी होतं, तुमचं रेखाटन उत्तम आहे. लेख नव्याने लिहा, पुन्हा मोजमाप घ्या आणि फक्त आमच्याकडे पाठवा.

बाई पुन्हा सड्यावर जायला लागल्या. पुढच्या वर्षी नवा लेख गेला, एकाच ठिकाणी. पावसाळा सरता सरता दोन तज्ज्ञांचे अभिप्राय आले. नावं अर्थातच नव्हती. पहिल्याने चार चांगले शब्द लिहून काही किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या होत्या. दुसरा मात्र कडक होता. बारा हजार वर्षं कशावरून? तुलनेशिवाय, उत्खननाशिवाय हा आकडा निराधार आहे, तो काढावा. देवतेचा परिच्छेद पूर्ण काढावा. पाकट आहे असं ठामपणे म्हणू नये, पाकट असू शकतं असं म्हणावं. या लेखात मोलाची गोष्ट एकच आहे, एका चित्रावर दुसरं कोरलेलं असणं, आणि नेमका त्याचाच फोटो अस्पष्ट आहे.

"माझी देवी काढून टाका म्हणतो," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "ती सोडून लेखात राहिलं काय?"

"शेपटी राहिली," मी म्हटलं. त्यावर त्यांना थोडं हसू आलं.

फोटोसाठी मीही त्यांच्याबरोबर गेलो. सूर्य उगवून थोडाच वर आला होता आणि तिरप्या उन्हात प्रत्येक चराची एक कड काळी झाली होती. माशाच्या शेपटीतून नक्षीची रेघ सरळ आरपार गेलेली स्पष्ट दिसत होती. बाई कातळावर पोटावर आडव्या झाल्या होत्या, कोपरं खरचटली होती. फोटो काढून उठल्या आणि म्हणाल्या, "तो बरोबर बोलतोय. हेच दाखवायला हवं होतं."

त्याच तज्ज्ञाची आणखी एक अट होती. सड्याचा नेमका ठावठिकाणा छापू नये, कारण छापल्यावर लोक येतात, चरांत खडू भरतात, नावं कोरतात. आणि जमीनमालकाची संमती घेतली आहे का, ते कळवावं. आम्ही ती घेतली नव्हती. बाई इतकी वर्षं तिथे जात होत्या, येता-जाता पाणी पीत होत्या, पण कधी कुणी हटकलं नव्हतं म्हणून कुणाला विचारलंही नव्हतं.

जमीन भागोजी नावाच्या शेतकऱ्याची. खाली भातशेती, वर गुरांसाठी सडा. शेजारच्या सड्यावर जांभ्याचे चिरे काढायची खाण निघाली होती आणि भागोजींनाही जमिनीची विचारणा झाली होती. बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. भागोजी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून ऐकत होते.

"छापून आला की सरकार जमीन घेनार काय?" त्यांनी विचारलं.

"मला सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "बहुतेक नाही. पण खात्री देता येत नाही."

"मंग आमी कशाला हो म्हनायचा?"

  घरी जाऊन बाईंनी संपादकांना कळवलं की मालकाने होकार दिला नाही तर मी लेख मागे घेईन. मला वाटलं, इतकी वर्षं घालवून हे काय.  संपादकांनी मुदत वाढवून दिली, एवढंच.

महिनाभराने भागोजी नातीच्या दाखल्यासाठी शाळेत आले. काम झाल्यावर चित्रकलेच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले.

"बाई, छापा. गावाचा नाव नको. आन तुमी शोधलंत असा लिवलाय काय तेच्यात?"

"हो, लिहिलंय."

"ता नको. आमच्या आज्यापासनं समद्यांस ठाव हाय. पांडव हितं खेळले म्हनून पांडवांचा डाव म्हनतात त्याला. तुमी मोजलंत असा लिवा."

"लिहिते," बाई म्हणाल्या. "आणि डावाचंही लिहिते."

त्या वाक्याने लेखाचा पहिला परिच्छेद बदलला. तज्ज्ञांच्या प्रत्येक मुद्द्याला काय उत्तर दिलं, त्याचा वेगळा कागद जोडावा लागतो. तो आम्ही दोघांनी मिळून केला. देवीच्या मुद्द्यापुढे बाईंनी स्वतः इंग्रजीत लिहिलं, "मान्य. काढले." लेख स्वीकारला गेला. छपाईपूर्वीची पानं तपासायला आली तर त्यात मासा उलटा, शेपटी वर आणि तोंड खाली. पानं परत पाठवायला दोनच दिवस होते. बाईंनी फोनवरून, मेलवरून, बाण काढून, सगळ्या प्रकारे कळवलं आणि मासा एकदाचा सुलटा झाला.

अंक आला तेव्हा पुढच्या वर्षीचं भात पिकायला आलं होतं. लेख सहा पानांचा. बाईंनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही छापील पानं घेऊन भागोजींकडे गेलो. त्यांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि हौसाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हाक मारली. हौसाबाई हात पुसत बाहेर आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यो असा हाय?" त्या म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवापासनं त्याच्यावरनं चालत्ये मी. शेपूट ठाव होती. वरचा गोल ठाव होता. अख्खा कदी बघितलाच नाय."

उभं राहून तो अख्खा दिसतच नाही, इतका मोठा आहे, असं बाईंनी सांगितलं.

"देव हाय काय हा?"

"मला तसं वाटतं," बाई म्हणाल्या. "पण दाखवायला पुरावा नाही माझ्याकडे."

हौसाबाईंना ते उत्तर पटलेलं दिसलं. त्यांनी पान माजघरात नेलं, मुलांना दाखवलं, आणि परत आणून बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते तिथेच ठेवून घ्यायला सांगितलं. शेजारच्या खाणीचा आवाज खळ्यापर्यंत येत होता. भागोजींनी आपल्या सड्याबद्दल अजून कुणाला हो म्हटलेलं नाही. उद्या म्हणतील का, हे त्यांनाही ठाऊक नसावं, आणि बाईंनी त्यांना विचारलंही नाही.

निघताना हौसाबाई म्हणाल्या की वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडेही काहीतरी कोरलेलं आहे, पण त्यावर गवत फार आहे, कापणी झाल्यावर या. बाईंनी कापणी कधी होते ते विचारून घेतलं.