चिमणीच्या दातांनी

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. मोठीच्या गळ्याला रुमाल गुंडाळलेला, डोळे तापाने जड झालेले. तिच्याकडे एकच लिमलेटची गोळी होती. तिने ती फ्रॉकच्या टोकात धरली, कापडावरून कडकन चावली आणि अर्धा तुकडा धाकटीपुढे केला. "उष्टी नाही हं, चिमणीच्या दातांनी तोडलीय."

मला हसू आलं. माझं आयुष्य प्रयोगशाळेत घशाचे नमुने तपासण्यात गेलं. त्या ओल्या कापडातून किती जिवाणू पलीकडे गेले असतील, ते मला जणू दिसतच होतं. गंमत म्हणजे घसा सुजवणारा एक जिवाणू स्वतःही असंच पांघरूण घेऊन हिंडतो. आपलं शरीर जो पदार्थ बनवतं, त्याच पदार्थाचं पांघरूण. पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशी त्याला गाठतात, पण तो त्यांना घरचाच वाटतो आणि त्या पुढे निघून जातात. डोळे नाहीत, मेंदू नाही, अशा जिवाला हे सोंग साधलं कसं, याचं नवल मला अजून वाटतं.

तेवढ्यात खिडकीवर नाव नोंदवून त्यांची आई परत आली. "धाकटीच्या घशाकडेही चार दिवस लक्ष ठेवा," मी तिला म्हटलं.

"अहो, तिला मी हिच्याजवळ झोपूसुद्धा देत नाही," ती म्हणाली. "पाण्याचा पेलाही वेगळा ठेवलाय."

धाकटीने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि ओठ घट्ट मिटून घेतले.