येऊ दे, येऊ दे

ट्रॅक्टर चालवायला मी जर्मनीत शिकले, आणि तोही उलटा. पुण्यात मी साधी स्कूटरसुद्धा धड पार्क करायचे नाही, त्यामुळे माहेरच्यांना हे अजून थाप वाटते. वाटू दे. चालवला मीच, आणि त्या शनिवारी सकाळी जे झालं तेही माझ्याच हातून झालं.

माझी नोकरी एर्लांगेनला, पण नवऱ्याला मोकळी हवा हवी होती. म्हणून तिथून बरंच वर, डोंगराकडच्या एका गावात, एका शेतघराच्या मागच्या बाजूला आम्ही भाड्याने राहायला गेलो. पुढच्या घरात घरमालक राहायचे. सत्तरी ओलांडलेला एकटा शेतकरी, बोलायला तुसडा आणि मनाने बरा. रस्त्यापासून त्यांच्या गोठ्यावरून वळसा घालून आमच्या स्वयंपाकघराच्या पायऱ्यांपर्यंत लांबच लांब चढाची वाट होती. बर्फ पडला की ती सकाळी मोकळी करायलाच हवी, नाहीतर कुणी घसरून पडलं तर ते आपल्या माथी. आपल्याकडे रस्त्यावर पाऊस पडला तर कुणी मला जाब विचारत नाही. इथे आकाशातून पडलेल्या गोष्टीचीही जबाबदारी माझी, हे कळलं तेव्हा मी आ वासून बसले होते.

घरमालकांकडे त्यासाठी श्नेफ्रेझ होती. ट्रॅक्टरच्या मागे लावायची, दाराएवढी रुंद लोखंडी पेटी. तिच्या तोंडाशी गरगर फिरणारी पाती बर्फ आत ओढतात आणि वरच्या नळकांड्यातून पार कुंपणापलीकडे भिरकावतात. पेटी मागे, म्हणून ट्रॅक्टर रिव्हर्समध्येच चालवायचा. मान मुरगळून मागे बघत बसायचं आणि मागे दिसते काय, तर पेटीची पाठ आणि उडणारा बर्फ. एरवी हे काम ते स्वतःच करायचे, पण त्या हिवाळ्यात त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं. नवरा सोमवार ते शुक्रवार नोकरीसाठी वोल्फ्सबुर्गला. राहिलं कोण? मी.

त्यांनी मला दोन सकाळी शिकवलं. कमरेला पट्टा बांधून काठी टेकत माझ्या शेजारून चालायचे आणि एकच गोष्ट सारखी सांगायचे. जवळ माणूस दिसला की यंत्र बंद. नाही दिसला तरी आधी खात्री, मग क्लच. मी दर वेळी ‘गेनाऊ, गेनाऊ’, अगदी बरोबर, म्हणून मान डोलवायचे.

आणि अशात माझे सासू-सासरे बर्फ बघायला आले.

सासरे म्हणजे बाबा. जन्मभर एसटीत कंडक्टर. माणूस एकदम सरळ, पण एक खोड हाडात मुरलेली. कुठलीही गाडी मागे यायला लागली की हे उठलेच. लग्नाच्या हॉलबाहेर असो की दवाखान्यापाशी, ओळखीची गाडी असो की परकी, बाबा तिच्या मागे जाऊन उभे आणि हात हलवत सुरू, ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!’ नवरा लहानपणी लाजेने मरायचा म्हणे. मला मात्र गंमत वाटायची, ते आल्यावर इथे पहिल्यांदा बर्फ पडेपर्यंत.

त्या दिवशी मी ट्रॅक्टर मागे घेतेय, मान वळवलेली, आणि बर्फाच्या फवाऱ्यातून दिसतंय काय? माकडटोपी घातलेले बाबा, पात्यांच्या समोर उभे, दोन्ही हातांनी मला बोलावताहेत. येऊ दे! मी क्लच दाबेपर्यंत घरमालक काठी उगारत, पट्ट्यासकट धावत आलेले. त्यांनी जर्मनमध्ये जे काही सुनावलं त्यातलं मी निम्मंही भाषांतरित केलं नाही. उरलेलं मीच ऐकवलं. ‘अहो बाबा, ही एसटी नाहीये! ही पाती माणूस ओळखत नाहीत!’

बाबा आत जाऊन बसले, चहासुद्धा घेतला नाही. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, ‘अगं, त्यांना वाटतं तू एकटी बाईमाणूस एवढं मोठं धूड मागे घेतेस, कुणी मागे नको का बघायला?’ मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही. बाबांकडून कबूल करून घेतलं की बाहेर यायचं नाही, बघायचं तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून. आणि माणूस शब्दाचा पक्का. त्यानंतर दर वेळी ते खिडकीत उभे राहायचे आणि काचेच्या आतून हात हलवायचे.

तो शनिवार म्हणजे आमच्याकडे हळदीकुंकू. एर्लांगेनच्या आठ-दहा बायका, त्यांची आईला ‘मामा, मामा’ करत जर्मनमध्ये उत्तरं देणारी पोरं, सगळी दुपारी येणार होती. नवरा नेमका वोल्फ्सबुर्गलाच अडकलेला, बर्फामुळे तिकडच्या रेल्वेगाड्या बंद. आणि सकाळी दार उघडून बघते तर पायऱ्याच गायब! एवढा बर्फ मी तोपर्यंत पाहिला नव्हता. सगळं अंगण सपाट, पांढरं, कुठे पायरी संपते आणि कुठे जमीन सुरू होते ते कळेना. सासूबाई तिळाच्या वड्या थापत म्हणाल्या, ‘बायका येणार कशा गं?’ मी म्हटलं, ‘येतील. मी आहे ना.’ काय तोरा होता माझा.

मी घरमालकांच्या बाजूच्या पुढच्या दाराने निघून गुडघाभर बर्फ तुडवत गोठ्यापाशी गेले आणि ट्रॅक्टर काढला. रस्त्यापासून सुरुवात केली आणि मागे मागे, घराच्या दिशेने येत राहिले. काम झकास चाललं होतं. गोठ्याचं वळण घेतलं तेव्हा वर बघितलं, तर खिडकीत बाबा होते, हात हलला. अंगण लागलं तेव्हा परत बघितलं. खिडकी रिकामी होती. मला वाटलं, चहाला बसले असतील.

पायऱ्या जवळ आल्या. तिथली जागा अरुंद, एका बाजूला लाकडांची रास आणि दुसऱ्या बाजूला भिंत. मी वेग अगदी कमी केला, अंदाज घेत घेत मागे आले. आणि धाडकन आवाज झाला. असा आवाज, की माझ्या बुडाखालची सीट हादरली. मी दोन्ही पाय दाबले आणि वर बघितलं.

नळकांड्यातून लाल बर्फ उडाला.

गुलाबी नाही, लाल. गडद, ओला लाल, एक फवारा समोरच्या पांढऱ्या भिंतीवर फचकन बसला आणि खाली ओघळायला लागला. मग पाती थांबली. इंजिन नुसतं धडधडत राहिलं.

हातपाय होते, माझे नव्हते. डोक्यात एकच होतं: खिडकी रिकामी होती. खिडकी रिकामी होती. किल्ली फिरवली की नाही तेही आठवत नाही, पण एकदम शांत झालं, म्हणजे फिरवली असणार. ‘बाबा’ म्हणायचं होतं आणि नुसती हवा येत होती.

उतरले. उतरताना पडले, परत उठले. ट्रॅक्टरच्या बाजूला बर्फात लाल शिंतोडेच शिंतोडे, आणि त्यात काहीतरी निळं. उचललं. प्लास्टिक. जाड, निळ्या प्लास्टिकचा फाटका तुकडा. आणि वास आला. आंबट, खारट, अगदी ओळखीचा.

कोकम!

सासूबाईंचं माहेर मालवणकडचं. येताना त्यांनी कोकमाच्या आगळाचा भलाथोरला निळा कॅन सामानातून आणला होता, हळदीकुंकवाला सार करायचं म्हणून. आमचा फ्रिज ओसंडून वाहत होता. तेव्हा मला न विचारता बाईंनी कॅन पायऱ्यांच्या बाजूला बर्फात पुरलेला, एवढा आयता फ्रिज बाहेर असताना आतला कशाला अडवायचा! आणि कोल्ह्याने उकरू नये म्हणून वर माझा बिडाचा तवा झाकलेला. माझा तवा! तोच पात्यांत गेला होता. जास्त ताण आला की मुद्दाम तुटावा असा एक बोल्ट त्या यंत्रात असतो, तो तुटला आणि पाती बंद पडली.

अशी तिडीक गेली माझ्या डोक्यात! रडू आणि संताप एकदमच आले. म्हटलं, बाई गं, आगळापायी माझा जीव घेतला असतात! मी तो निळा तुकडा मुठीत धरला आणि पायऱ्यांकडे निघाले, सासूबाईंना आज ऐकवायचंच म्हणून. पेटीला वळसा घातला.

पेटीच्या तोंडासमोर बाबा बसलेले होते.

बर्फात, छातीपर्यंत रुतलेले, पाठ पायरीला टेकलेली. टोपी निसटलेली. डोळे उघडे, माझ्याकडेच, पण मला बघत नसल्यासारखे. आणि गालावर, कपाळावर, पांढऱ्या मिशीवर, स्वेटरवर सगळीकडे लाल.

‘बाबा!’ आता आवाज फुटला. ते बोलेनात. मी गुडघ्यांवर पडले, हातमोजा काढून त्यांचा गाल पुसला. हाताला लाल लागलं. कळेना, त्यातलं कोकम कुठलं आणि बाबा कुठले. मग मी जे केलं ते आजही कुणाला सांगताना अंगावर काटा येतो. मी ते बोट तोंडात घातलं.

खारट लागलं.

रक्तही खारटच असतं. तो एक क्षण मी आयुष्यात विसरणार नाही, देवाशपथ. मग जिभेच्या कडांना आंबट लागलं. मी दुसरं बोट कपाळावरून फिरवलं, चाटलं. आंबट. मिशीवरचं. आंबट. मी रडत होते आणि सासऱ्यांचं तोंड पुसून चाटत होते, आणि बाबा एकदम म्हणाले, ‘अगं, थांब थांब म्हणून ओरडत होतो. तुला ऐकूच येईना.’

सासूबाई दार उघडून बाहेर आल्या. भिंत बघून आधी किंचाळल्या, ‘माझं आगळ!’ आणि मग खाली बाबा बसलेले दिसले तशी त्यांच्या हातातली वड्यांची परातच पडली. आम्ही दोघींनी मिळून त्यांना ओढून काढलं. झालं होतं इतकंच: बाबा शब्द पाळून खिडकीतच होते. पण ट्रॅक्टर पायऱ्यांच्या अरुंद जागेकडे यायला लागला, कंडक्टरला राहवेना. दार उघडून नुसतं दारातूनच हात दाखवू, म्हणून घरातल्या सपातांवरच पायरीवर आले. घसरले आणि थेट खाली. गुडघा धरलेला, उठता येईना. बसलेला माणूस त्या पेटीच्या पाठीहून ठेंगणा. मला दिसणार कसे?

आत हीटरजवळ बसवल्यावर सासूबाईंनी त्यांचे पाय मोज्यांवरूनच खसाखसा चोळले, वर लोकरीचे दोन-दोन मोजे चढवले आणि आलं घालून चहा दिला. ‘कुठे दुखतंय?’ मी विचारलं. ‘कुठेच नाही. पाय जरा बधिर झालेत, येतील ताळ्यावर,’ बाबा म्हणाले. मग सासूबाईंकडे बघून म्हणाले, ‘तुझं आगळ मात्र गेलं हां.’ त्या रडता रडता हसल्या. मलाही हसू आलं. मला वाटलं, संपलं.

घरमालक काठी टेकत आले. भिंत बघितली, मला नखशिखान्त बघितलं, आणि कधी नव्हे ते ओरडले नाहीत. मी सगळं सांगितलं. त्यांनी किल्ली माझ्याकडून घेऊन खिशात टाकली, वाकता येत नव्हतं तरी वाकले आणि लाकडाच्या दांड्याने पात्यांत अडकलेलं काढायला लागले. मी खाली बसून ओढत होते. तव्याचे तुकडे निघाले. कॅनची मूठ निघाली. मग त्यांचा दांडा कशात तरी मऊ रुतला.

सपात होती. करड्या फेल्टची, बाबांची. तिची टाच होती. पुढचा भाग नव्हता.

घरमालकांनी ती हातात उलटीपालटी केली. आतून लाल होती. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, ‘तर मग जा. बघून ये.’

मी आत गेले. बाबा बशीत चहा ओतून फुर्र करून पीत होते. मी त्यांच्या पायांशी बसले आणि मोजे काढायला लागले.

‘काय गं, काय करतेस?’

‘काही नाही बाबा. मोजे ओले झालेत का बघतेय.’

डाव्या पायाची बोटं मी मोजली. मग उजव्या पायाची. सगळी होती. माझा विश्वास बसेना. मी परत पहिल्यापासून, एकेक बोट चिमटीत धरून मोजायला लागले, आणि मी काय मोजतेय ते कळलं तशी बाबांनी बशी खाली ठेवली.