निळ्या पलटणीचे डोळे

उरण नाक्याजवळच्या गणपतीच्या कारखान्यात शोभाकाकू आखणीला बसल्या की रेडिओसुद्धा बंद व्हायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. अंग, पितांबर, दागिने कुणीही रंगवावेत. डोळे मात्र सगळ्यात शेवटी, सकाळची अंघोळ झाल्यावर, आणि काकूंच्याच हातानं. कारखान्याचे मालक, म्हणजे त्यांचे यजमान प्रभाकरकाका, गिऱ्हाइकांना सरळ सांगायचे, "मी नुसती माती उभी करतो. गणपती ही करते." एकदा डोळे झाले की ती मूर्ती काकू पुन्हा कुणाला आडवी ठेवू देत नसत. आता ते बघतायत, एवढंच त्यांचं कारण.

१९८७ चा दसरा झाला, कारखान्यातल्या फळ्या रिकाम्या पडल्या, तेव्हा मनासे नवगावकर दारात आले. पनवेलच्या जुन्या ज्यू घरांपैकी एका घरातले. केमिकल कंपनीत ड्राफ्ट्समन, शर्टाच्या खिशात कायम तीन टोकदार पेन्सिली.

"वहिनी, दोन किलो प्लास्टर मिळेल?"

"कशाला? भिंतीला भोक पडलं?"

"फ्रान्सची फौज ओतायचीय."

त्यांनी रुमाल सोडला. आत अंगठ्याएवढा शिशाचा शिपाई. इस्रायलमधल्या हैफाहून त्यांच्या भावानं पाठवलेला.

"नेपोलियनचा शिपाई हा. याचा साचा करून दोनशे निळे ओतणार. समोर ऑस्ट्रियाचे दोनशे पांढरे. मग रविवारी लढाई."

"कुणाशी?"

"न्यू पनवेलचा सत्यजीत आहे ना, बँकेतला ऑफिसर. त्यालाही हेच वेड."

काकूंनी शिपाई उजेडात धरला. निळा कोट, छातीवर पांढरे पट्टे, बटणंसुद्धा मोजून. चेहऱ्यावर दोन काळे ठिपके.

"याला दिसत नाही."

"म्हणजे?"

"ठिपके आहेत हे, डोळे नाहीत. आंधळ्याला लढाईवर पाठवता होय?"

"अहो वहिनी, एवढासा तर आहे. कोण बघणार?"

"कुणी बघायचं म्हणून मी डोळे काढते असं वाटतं तुम्हाला?" काकूंनी प्लास्टरची पिशवी भरून दिली आणि शिपाई ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी तो परत गेला तेव्हा मनासेभाऊ त्याच्याकडे बघतच राहिले. शिपाई त्यांच्याकडे बघत होता.

मग चार वर्षं असंच चाललं. दसऱ्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कारखान्याला काम कमी, त्या दिवसांत फौज वाढायची. मनासेभाऊ ओतायचे, कानशीनं घासायचे, गणवेश रंगवायचे. त्यांच्या पुस्तकातली चित्रं काळीपांढरी. रंग खाली इंग्रजीत लिहिलेले. शनिवारी मात्र त्यांचा शब्बाथ, ब्रशला हात नाही. काकू म्हणायच्या, "तुमचे आजे-पणजे शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे. तुम्ही तोफखाना बंद ठेवा."

डोळ्यांसाठी काकूंचा खारीच्या केसांचा ब्रश होता, त्यातले तीनच केस ठेवलेले. हातात शिपाई घेतला की त्या आधी चौकशी करायच्या.

"यांनी लढाई पाहिलीय का?"

"नाही, ही नवी भरती. गावोगावून धरून आणलेली."

"आणि हे वीस?"

"हे मुरलेले. दहा लढायांतून जगलेले."

गणवेश दोघांचा एकच, साचाही एकच. पण नव्यांच्या पापण्या काकूंनी वर ओढल्या, बुबुळाभोवती पांढरं जास्त सोडलं. मुरलेल्यांच्या पापण्या अर्ध्या खाली, नजर किंचित कडेला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही.

रविवारी दुपारी मनासेभाऊंच्या हॉलमध्ये दोन ट्रंकांवर एक दार आडवं पडायचं, त्यावर हिरवी चादर, चादरीखाली पुस्तकं घालून टेकडी. काकू नवीन शिपाई घेऊन जायच्या आणि खुर्ची ओढून बसायच्या. सगळं आवडायचं त्यांना, फक्त एक सोडून. सत्यजीत मेलेले शिपाई उचलून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. ठण्ण!

"अहो ऑफिसर, हळू."

"काकू, मेलेत ते."

"तुमच्या खेळात मेलेत. डोळे उघडे आहेत त्यांचे."

तो हसायचा, आणि पुढचा पडायचा. ठण्ण! घरी नेऊन काकू कुणाचं नाक, कुणाची भुवई दुरुस्त करत बसायच्या.

१९९१ च्या दिवाळीनंतर मनासेभाऊंचे इस्रायलचे कागद आले. बॅगा हॉलमध्ये उघड्या पडल्या होत्या.

"माझी पितळी भांडी वजनात बसत नाहीत," रूबीताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या. "यांचं शिसं कुठे घालू? डोक्यावर?"

मनासेभाऊ चहात बघत म्हणाले, "फौज सत्यजीतला देतोय. खेळणाऱ्याच्या घरी गेलेली बरी."

काकूंच्या डोळ्यांसमोर तो डबा आला. चारशे जण, एकावर एक, तोंडं खाली.

"मी देऊ देणार नाही," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही डोळे केलेत, मान्य. पण फौज म्हणजे शोकेस नाही. ती खेळली पाहिजे."

"मग मला खेळता येत नाही हे कुणी ठरवलं?"

तिथेच चहाला बसलेला सत्यजीत अगदी अदबीनं म्हणाला, "काकू, मनासेभाऊंनी लिहिलेले नियमच चोपन्न पानं आहेत."

"मला आरत्या त्याहून जास्त पाठ आहेत. आणि चार वर्षं मी इथे काय झोपा काढत होते?"

रूबीताईंनी कप दाणकन ठेवला. "या रविवारी होऊन जाऊ दे. जिंकेल त्याची फौज. मनासे, तू पंच. आणि शोभा, हरलीस तर रडायचं नाही हं."

"रडायला मला सवड कुठाय, रूबीताई?"

रविवारी सत्यजीतनं निळे घेतले. "नेपोलियन मी." काकूंनी पांढरे. आठ चालींत काकूंनी टेकडी घ्यायची. नाही घेतली तर सत्यजीत जिंकला. मनासेभाऊंचा एक लाडका नियम होता. कुठली पलटण मुरलेली आणि कुठली नवी, हे प्रत्येकानं आपल्यापुरतं ठेवायचं. पलटण ज्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर उभी, तिच्याखाली पेन्सिलीनं खूण असे, पण समोरच्यानं ती उचलून बघायची नाही. घोडदळ अंगावर आलं की फासा टाकायचा: मुरलेले दोनच्या वर पडलं तरी उभे राहतात, नव्यांना पाच किंवा सहाच लागतात, नाहीतर पळ.

सत्यजीतनं टेकडीवर तोफांशेजारी तीन पलटणी उभ्या केल्या, पुलाशी दोन. काकू हात मागे बांधून टेबलाभोवती एक फेरी मारून आल्या, टेकडीपाशी वाकल्या, पुलापाशी वाकल्या.

"काय बघताय, काकू?"

"तोंडं."

पहिल्या चार चाली काकूंना महागात गेल्या. सत्यजीतच्या तोफांनी डावीकडच्या दोन पलटणी खाल्ल्या. काकूंनी एकेक पांढरा शिपाई उचलला आणि खिडकीच्या कट्ट्यावर रांगेत उभा केला. चाळीस जण.

"काकू, उगाच वेळ जातोय."

"गेलेल्यांना जागा द्यायला वेळ लागतोच. तुमची चाल झाली?"

"झाली. आता पुलावरून या. तिथे माझे पोरगेले शिपाई आहेत, सोपं जाईल." त्यानं सहज सांगावं तसं सांगितलं.

काकूंनी मोजपट्टी घेतली, अंतर मोजलं आणि सगळंच्या सगळं घोडदळ टेकडीवर घातलं.

"तिथे?" सत्यजीत हसला. "तिथे माझे मुरलेले आहेत हो."

"नाहीत. मुरलेले पुलाशी आहेत. टेकडीवर सगळी नवी भरती आहे. घाबरलीयत बिचारी."

सत्यजीतचे कान लाल झाले. मनासेभाऊंची पेन्सिल वहीवर थांबली.

"फासा टाका, ऑफिसर."

तीन. पहिली पलटण पळाली. दोन. दुसरी पळाली. तिसऱ्या पलटणीला सहा पडले, ती राहिली उभी, आणि काकू तिला म्हणाल्या, "शाब्बास!" पुढच्या चालीत तीही गेली. तोफा पांढऱ्यांच्या हातात आल्या, सत्यजीतचे मुरलेले पुलावरून वळेपर्यंत आठवी चाल संपली.

"तुम्ही उचलून बघितलंत," सत्यजीत म्हणाला. आवाजात अदब होती, पण जेमतेम. "खूण बघितल्याशिवाय कळणं शक्य नाही."

"हात मागे होते माझे. रूबीताई, होते की नाही?"

"होते. मी बघत होते."

"मग कसं कळलं?"

काकूंनी टेकडीवरचा एक शिपाई आणि पुलावरचा एक, दोन्ही सत्यजीतपुढे उभे केले. "बघा की."

मनासेभाऊंनी भिंग आणलं. सत्यजीत एका शिपायावरून दुसऱ्यावर जात राहिला. भिंगाखाली एकाचे डोळे पांढरेफटक पडलेले. दुसरा तिरका, शांत, जणू शेतावर निघालाय.

"चार वर्षं मी यांना हलवतोय," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही बटणं बघत होतात."

"पण हे नियमात बसतं का, मनासेभाऊ?"

मनासेभाऊंनी चोपन्न पानं चाळली, खरोखर चाळली, आणि वही मिटली. "उचलून बघायचं नाही असं मी लिहिलंय. निरखून बघायचं नाही असं नाही लिहिलेलं. फौज वहिनींची."

सत्यजीतनं बिस्किटांचा डबा पुढे ओढला. आतले निळे एकेक करून काढले आणि कट्ट्यावर, पांढऱ्यांच्या शेजारी, उभे करायला लागला. एकाची संगीन वाकली होती, ती नखानं सरळ केली. मग काकूंकडे न बघता विचारलं, "पुढच्या रविवारी कारखान्यात आलो तर चालेल?"

"या. लढाईचं ते दार मनासेभाऊ देतील, नाहीतरी घर रिकामं होतंय. डबा आणू नका."

नवगावकर मंडळी गेली. फौज कारखान्यात आली, आणि गणपतींच्या वरच्या फळीवर दोन रांगांत उभी राहिली. मूर्ती ठरवायला आलेली माणसं मान वर करून विचारायची आणि काकू नावासकट ओळख करून द्यायच्या. हैफाहून महिन्याला एक पत्र यायचं, त्यात पुढच्या लढाईचा नकाशा. सोबत रूबीताईंची एक ओळ: शोभा, ऑफिसरला हरव.

सत्यजीत रविवार चुकवत नसे. वर्षभरात तो काकूंना एकदाच हरवू शकला, आणि तेव्हाही त्याचा तक्रारीचा सूर गेला नव्हता.

"काकू, एक करा. सगळ्यांचे डोळे सारखे करून टाका. म्हणजे खेळ बरोबरीचा होईल."

काकू त्या वेळी एका अडीच फुटी मूर्तीच्या आखणीत होत्या. ब्रश उचलला, पण मान वळवली नाही.

"भ्यालेला आहे त्याला भ्यालेला राहू दे. भिंग तिथे खिळ्याला टांगलंय, ऑफिसर. तुम्ही बघायला शिका."