नमुन्याची आंबील

जगातली प्रत्येक गोष्ट बिघडण्याआधी एकदा नीट पाहून ठेवली पाहिजे, असं मनापासून वाटणारा माणूस दर घराण्यात एक तरी असावा. आमच्यात ते माझे साडू आहेत. दुसरा असता तर सोयरीक टिकली असती की नाही, शंकाच आहे. राहणार चाकूरचे, आणि पोटापाण्याचा उद्योग असा की जिथं खाण निघायची असेल तिथं खाणीच्या आधी जाऊन पोचायचं. पैनगंगेपलीकडं कोळशाच्या उघड्या खाणी निघतात. वरची माती, झाडं, वेळ पडली तर गावसुद्धा बाजूला सारायचं आणि खालचा कोळसा उपसायचा, असा तो प्रकार. तसं करण्याआधी तिथली हवा, पाणी, आवाज, पाखरं आज कशी आहेत याचा अहवाल सरकारला द्यावा लागतो. खाणवाल्यांना असे अहवाल करून देणाऱ्या एका कंपनीत साडू नोकरीला होते. गावकरी त्यांना खाणवाले समजून तिरपं बघायचे. साडू शांतपणे सांगायचे, "मी खाणीच्या आधीचा माणूस हाय."

नोकरी घरी आणणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत, पण साडू ती लग्नातही आणायचे. लोह्याला आमच्या पुतणीचं लग्न होतं. बँडवाल्यानं पिपाणी तोंडाला लावली आणि साडूंनी हात वर केला. खिशातून आवाज मोजायचं यंत्र काढलं आणि सगळ्या मांडवाला गप्प बसायला सांगितलं, कारण त्यांना आधी शांतता मोजायची होती. भटजी अक्षता मुठीत धरून उभे, नवरदेव घामाघूम. व्याह्यांना वाटलं, हुंड्याबिंड्याची तक्रार करायला कुणी सरकारी माणूस आलाय, आणि ते मांडवाच्या मागच्या बाजूला सटकले. मी साडूंचा हात धरून त्यांना बाजूला नेलं, तर मलाच म्हणाले, "साडूभाऊ, आधीचं मोजल्याबिगर नंतरचं कसं कळावं?" मुहूर्त टळत होता, म्हणून मी यंत्र त्यांच्या खिशात परत घातलं. आमच्या घरी आले की चहाच्या आधी दारातल्या जास्वंदीच्या पानावरून बोट फिरवतात आणि धूळ बघून रस्त्याचं काम कुठवर आलं ते सांगतात. एकदा मुखेडहून एसटीनं येताना शेजारच्या म्हाताऱ्याला, तुमच्या लहानपणी शिवारात कोणती पाखरं यायची, असं विचारून बसले. म्हातारा रंगात आला, साडूंचं गाव मागं पडलं, आणि दोघंही म्हाताऱ्याच्याच घरी जेवले.

पण खरी गोष्ट येळवशीची, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येची. आमच्याकडं या अमावस्येला झाडून सगळे शेतात जेवायला जातात, गावात कुलपं तेवढी राहतात. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा होते, मग मिसळीच्या भाजीची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि ताकात पीठ शिजवलेली मडकंभर आंबील. साडू पैनगंगेपलीकडचं काम आटोपून सणाला आले होते आणि येताना तिथल्या एका विहिरीच्या पाण्याचा नमुना घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी तो तपासणीला द्यायचा म्हणून कॅन फ्रिजात ठेवलेला. आमच्या थोरल्या मेव्हणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, गार पाणी दिसलं म्हणून कॅन शेतात आणला. आंबील घट्ट झाली होती, तिनं तो त्यातच रिकामा केला. साडूंनी कॅन ओळखला तेव्हा आमचे दोन दोन पेले पिऊन झाले होते. मेव्हणीचं तोंड उतरलं. साडू रागावले असतील असं वाटलं, तर ते एकेकापुढं बसून विचारत सुटले, "कशी लागली?" सगळे म्हणाले, आज आंबील लई गोड. साडूंनी रिकामा कॅन उचलून हातात घेतला. अहवालात पाण्याचं सगळं मांडता येतं, म्हणाले, पण चवीला जागा न्हाई.

नमुना पुन्हा आणायचा होता. त्या पाण्याचं मलाही कुतूहल वाटू लागलं होतं, म्हणून मी बरोबर गेलो. विहीर एका म्हातारीची, पण पाणी सगळं गाव प्यायचं. बाकीच्या विहिरी मचूळ. साडूंनी हात जोडून तिला सांगितलं, की मावशी, तुमचं पाणी आमच्या पाव्हण्यांनी पिऊन टाकलं. म्हातारी इतकी हसली की पदर तोंडाशी धरावा लागला. मग स्वतः पोहरा सोडून तिनं कॅन भरून दिला, आणि वर आम्हाला पिण्यापुरतं वेगळं दिलं.

पुढं त्याच गावात खाणीची जाहीर सुनावणी झाली. ती बघायलाही मी गेलो. शंका निघाल्या तर काय बोलायचं ते साडूंना वरून पढवलेलं होतं. म्हातारी उठली आणि तिनं एकच विचारलं, "खान झाल्यावर माह्या विहिरीचं पानी ऱ्हाईन का?" साडूंनी पढवलेलं सांगितलं, की गावाला नळाचं पाणी दिलं जाईल. ती खाली बसली नाही. नळाचं नाही, हे पाणी राहील का, एवढंच पुन्हा म्हणाली. व्यासपीठावरचे साहेब साडूंकडं बघत होते. साडूंनी चष्मा काढून पुसला.

"न्हाई ऱ्हाणार, मावशी," ते म्हणाले. "खाण तुमच्या विहिरीपरीस लई खोल जाणार हाय, सगळं पाणी तिकडंच झिरपंल."

त्या सुनावणीनंतर कंपनीनं त्यांना पुन्हा कामावर बोलावलं नाही. खाणीचंही अजून हो-नाही कळलेलं नाही. साडू आता चाकूरला असतात, शेती बघतात, आणि येळवशीच्या आधी न चुकता एसटी बदलत बदलत पैनगंगेपलीकडं जाऊन एक कॅन भरून आणतात. मेव्हणी तोंडानं कुरकुरते, पण आंबील मुद्दाम घट्ट ठेवते.

यंदाही ते पेला घेऊन माझ्यापुढं बसले आणि विचारलं, कशी लागली. मी घोट तोंडात धरून ठेवला. हा माणूस इतकी वर्षं काय जपत होता ते मला तेव्हा कळलं. "गोड हाय," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. संध्याकाळी रिकामा कॅन विसळून त्यांनी कोपीच्या तोंडाशी उपडा घातला. पुढच्या येळवशीला विहीर राहिली, तर भरायला.