पिवळी काच

मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माझ्याकडे रायपूरला आली आणि आठवडाभरात तिनं माळ्यावरून माझ्या वडिलांची लेन्स शोधून काढली. वडील शाळाशाळांतून वर्गाचे फोटो काढायचे, तिपाईवरच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यानं. कॅमेरा केव्हाच वाळवीनं खाल्ला, ही पितळी लेन्स तेवढी राहिली. तिच्यावर ना नाव, ना नंबर. पोरीनं ती चिंच-मिठानं घासून चकचकीत केली. दुपारी पडल्या पडल्या पोटावर ठेवायची आणि तिच्यातून उलटा पंखा बघत बसायची.

तिनं जावयांना फोटो पाठवला. संध्याकाळी त्यांचा पुण्याहून मलाच फोन.

"आई, काच पिवळी दिसतेय. काही जुन्या लेन्सच्या काचेत थोरियम घालायचे. किरणोत्सर्गी असतं ते. ती लेन्स आधी तिच्यापासून लांब करा."

चिमट्यानं धरून मी ती पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि डबा गच्चीवरच्या खोलीत ठेवून आले. पोरगी जिन्यापाशी उभी होती.

"मम्मी, पूरा हफ्ता पेट पे रखा था मैंने."

"काही होत नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

सकाळी समता कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले. ठोके ठीक होते, पण लेन्सचं त्या काय सांगणार? घरी येऊन मी नागपूरच्या मैत्रिणीला फोन लावला. तिनं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं होतं.

"आधी लेन्स कोणत्या घडणीची आहे ते पाहू, फार जुनी असंन तर तिच्यात थोरियम नसते," ती म्हणाली. "अंधार कर, बॅटरी घे अन् पुढची काच फिरवून काढ."

"मले हात लावाची भीती वाटून राहिली."

"पाच मिनिटांनी काही होत नाही. पोरीसाठी कर."

मी गच्चीवरच्या खोलीत गेले, दार लावलं, खिडकीवर चादर टाकली. फोन फळीवर, स्पीकरवर. पुढचा भाग कुरकुरत सुटला तेव्हा काच फुटली असंच वाटलं. काचेवर बॅटरीचा उजेड पाडला. आत उजेडाचे दोन झगझगीत ठिपके दिसले.

"दोनच?" मैत्रिणीनं विचारलं. "तिरपी कर. एक अंधुक शोध. काच हवेला भिडते तिथं ठिपका झगझगीत येते. दोन काचा चिकटवल्या असतील तर त्यांच्या मधातला एकदम फिका दिसते."

मला काही दिसेना. घाम डोळ्यांत उतरत होता. अंधुक ठिपका नसलाच तर? ही नव्या घडणीची, ती थोरियमचीच निघाली तर? मनात पोरीचं पोट येत होतं, आणि पुढचं काही मी येऊ देत नव्हते. मग काच जराशी कलली आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकाएवढं काहीतरी हललं.

"आहे! एक फिका आहे!"

"एकच ना? दोन नाही?"

"एकच."

"आता मागची बाजू."

तिथंही तेच, दोन झगझगीत आणि एक फिका.



"ही रॅपिड रेक्टिलिनियर आहे," ती म्हणाली. "काचांच्या दोन जोड्या, समोरासमोर. फार जुनी घडण. थोरियमची काच त्याच्या कितीतरी वर्षांनंतर आली. तुझ्या बाबांनीही ती जुनीच घेतली असंन. पिवळेपण काचेचं नाही, चिकटवलेल्या डिंकाचं आहे. झाडाचा डिंक तो, जुना झाला का पिवळा पडते."

"नक्की?"

"नक्की."

"पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं. मी खाली जाऊन पोरीला सांगितलं. ती पलंगावर बसली आणि बराच वेळ रडली. मग म्हणाली, "तो उसे नीचे ले आऊँ?"

"राहू दे वर," मी म्हटलं.

सगळं कळूनही तो डबा मी खाली आणला नाही. नात झाली, धडधाकट, चांगल्या वजनाची. तरी दवाखान्यातून निघताना मी डॉक्टरीणबाईंना थांबवून विचारलंच, "सगळं बरोबर आहे ना हिचं? नीट पाहिलं ना तुम्ही?"